दादाचा हत्तीखाना

पुण्याहून अंबाजोगाईला जाताना मांजरसुंब्याला एसटी थांबली की मी चहाला उतरते. नगर, कडा, आष्टी, पाटोदा करत इथवर येईपर्यंत अंग आंबून गेलेलं असतं आणि उकळून उकळून काळसर झालेला ढाब्यावरचा चहाही गोड लागतो. परवा उतरले तेव्हा ढाब्याच्या पलीकडे, चिंचेच्या सावलीला, एका पाथरवटाचं पाल पडलं होतं. एक बाई पाय पसरून बसली होती आणि समोरच्या पाट्याला टाकी लावत होती. तिच्या हातोडीला एक सैल, आळसावलेला ताल होता. ठोका पडला की दगडाचं पीठ उडे आणि त्यामागून एक वास येई. कोरडा, जळका, फटाका विझल्यावर हवेत रेंगाळतो तसा. मी कप हातात धरून तिथेच उभी राहिले. कंडक्टरने घंटी मारली तरी मला चटकन हलवेना. फुटत्या दगडाचा हा वास मला दादाने दाखवला होता. वास कुणी दाखवतं का, असं तुम्ही म्हणाल. दादा दाखवायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या मधली भावंडं जगली नाहीत, त्यामुळे तो माझ्याहून इतका मोठा होता की लहानपणी मला दोन वडील आहेत असंच वाटे. खरे वडील एसटीत होते. घरी असत तेव्हा बहुधा झोपलेले असत. माझी शाळा, माझं दुखणंखुपणं, एवढंच काय, आई शेतावर लवकर गेली तर माझी वेणीसुद्धा दादाकडे असे. ती वेणी नेहमी एका कानाकडे झुकलेली असायची आणि वर्गातल्या मुली हसायच्या. पुढे तो अंबाजोगाईतल्याच एका शाळेत इतिहासाचा मास्तर झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. फार मोठं काही त्याने केलं नाही. दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की सातवीच्या पोरांना रांगेने चालवत तो हत्तीखान्यात घेऊन जायचा, एवढं मात्र त्याने कधी चुकवलं नाही.

हत्तीखाना हे गावाने ठेवलेलं नाव. मुळात ते शिवाचं लेणं. गावाच्या कडेला, जयंती नदीच्या काठी, ते जमिनीच्या पोटात आहे. लांबून काहीच दिसत नाही. माळ, बाभळी, चरणारी शेरडं, आणि मग पायाखालची जमीन एकाएकी संपते आणि खाली एक चौक उघडतो. तो चौक, त्याच्या मधोमध नंदीचा मंडप, आतले जाड खांब, देवाच्या जागा, आणि चौकात उभे असलेले खरोखरीच्या हत्तीएवढे हत्ती, हे सगळं एका सलग काळ्या कातळातून कोरून काढलेलं आहे. बाहेरून आणलेला एक दगड नाही, कुठे सांधा नाही. हत्तींच्या सोंडा कधीच गेल्या. पाठी झिजल्या, पाय भेगाळले. तरी ते इतके शांत उभे असतात, की आपणच मोठ्याने बोललो तर वाईट वाटतं. पावसाळ्यात चौकात पाणी साठतं आणि हत्ती पाण्यात उतरल्यासारखे दिसतात. उन्हाळ्यात आतून वटवाघळांचा उग्र दर्प येतो. बाहेर ऊन मी म्हणत असतं तेव्हा खांबांच्या आड गेलं, की मडक्यातल्यासारखा गारवा अंगावर येतो.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती दादाच्या सायकलच्या दांडीवर बसून. किती वर्षांची होते ते सांगता येणार नाही, पण हत्तीच्या पोटाखालून न वाकता जाता येईल एवढीच होते. सोंड नसलेला हत्ती पाहून मी रडायला लागले. दुखत असेल त्याला, असं मी म्हणाले असणार. दादाने मला खूप समजावलं, आणि समजत नाही असं पाहिल्यावर वर माळावर नेऊन दोन गोटे उचलले. एकावर दुसरा जोरात आपटला आणि माझ्या नाकाशी धरला. "बघ, कसा वास येतोय? ज्या माणसानं हत्ती केला ना, त्याच्या नाकात रोज हाच वास. त्याचं पोरगं त्याच्या कुशीत झोपायचं तर पोराच्याबी नाकात हाच." मी हत्तीचं दुःख विसरले. मी त्या मुलाचा विचार करू लागले, ज्याच्या बापाच्या अंगाला दगडाचा वास येत होता.

दादाचं सगळं सांगणं असं होतं. राजा कोण, सन कुठला, यात त्याला फारसा रस नव्हता. तो कामाचं सांगायचा. वरून सुरुवात कशी केली असेल, पहिल्यांदा पाठ मोकळी झाली असेल की गंडस्थळ, खाली काय येणार हे डोक्यात पक्कं असल्याशिवाय पहिला घाव कसा घालता येईल, आणि एखादा घाव चुकला तर काय केलं असेल. कारण इथे चुकलेला दगड काढून दुसरा बसवायची सोय नाही. पोरं हत्तीच्या सावलीला बसलेली असत आणि तो उभा राहून सांगत असे. वर्गात तो पुस्तकी मराठी बोले, पण इथे आला की त्याची जीभ घरच्या वळणावर येई. "मंग काय झालं आसंल?" असं म्हणून तो थांबायचा. पोरं काहीबाही उत्तरं द्यायची. तो मान हलवायचा, पुन्हा "मंग?" विचारायचा, आणि त्या एका शब्दाच्या दोरीने सगळ्या वर्गाला हळूहळू वरच्या माळावरून खालच्या चौकात उतरवायचा. मोठी झाल्यावर, लग्न होऊन पुण्याला गेल्यावरही, माहेरी आले की मी एकदा तरी त्याच्याबरोबर जायचे आणि पोरांच्या मागे बसून ऐकायचे. खरं सांगायचं तर मी शब्दांपेक्षा आवाज ऐकायचे. चढत जाणारा, मध्येच थबकणारा, हलकेच खाली ठेवलेला आवाज.

एकच गोष्ट त्याला खपत नसे. या लेण्याला जोगाईचा मांडवही म्हणतात. देवी जोगाई परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला कोकणातून वऱ्हाड घेऊन निघाली, वाटेत मुहूर्त टळला, लग्न राहिलं, आणि सगळं वऱ्हाड हत्तींसकट इथेच दगडाचं झालं, अशी कथा आहे. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला ती पाठ असते. दादाला कथेचा राग नव्हता. आईने सांगितली तर तोही ऐकत बसे. पण पोरांसमोर कुणी ती सांगितली की तो कासावीस व्हायचा. "असं म्हटलं की ज्यांनी केलं ती माणसंच पुसली जातात," तो म्हणायचा. "दगडाचं कोणी झालं न्हाई. दगडाचं करावं लागलं. वर्षानुवर्षं, हातानं."

निवृत्तीनंतर काही दिवसांनीच दादा आजारी पडला. सकाळी दाढी करताना उजवा हात लुळा पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. वहिनींनी शेजाऱ्यांना बोलावून त्याला दवाखान्यात नेलं, मी पुण्याहून संध्याकाळी पोचले. जीव वाचला. पाय काठीच्या आधाराने हळूहळू चालू लागला. वाचा मात्र गेली. सगळी गेली असती तर कदाचित सोसलं असतं. पण एक शब्द तेवढा राहिला. मंग. पाणी हवं असलं तरी मंग, नको असलं तरी मंग. नातवाला जवळ बोलावताना मंग, माशी हाकलताना मंग. समजत सगळं होतं. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं, की आत सगळं आहे, फक्त बाहेर यायची वाट बंद झाली आहे. लिहायला पाटी दिली तर डाव्या हाताने चार रेघा ओढून तो ती बाजूला सारी. ज्या माणसाचा सगळा संसार बोलण्यावर उभा होता, तो दिवसभर ओसरीत बसून त्या एका शब्दाला नाना आवाजांत उलटापालटा करत राहायचा. मी फोन केला की वहिनी तो त्याच्या कानाला लावत. मी बोलत राहायचे आणि पलीकडून मंग, मंग येत राहायचं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायचे.

हत्तीखान्यात न्यायची कल्पना वहिनींची. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की माणसाला त्याच्या आवडत्या जागी न्यावं, तिथे एखादा शब्द सापडतो. "न्यायचंच ह्यांना," त्या मला म्हणाल्या. "इतके दिवस देवाला सांगून झालं. आता त्या हत्तींला सांगून बघू." वहिनी मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या तोंडून एवढं ऐकल्यावर नाही म्हणणं मला शक्य नव्हतं.

थंडीचे दिवस होते. रिक्षा जिथवर गेली तिथवर गेलो, पुढे आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरून त्याला खाली उतरवलं. चौकात तिरपं ऊन आलं होतं. आम्ही एका हत्तीजवळ सतरंजी टाकली, त्याला बसवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते, पण खरंच, चूल पेटण्याची वाट बघावी तशी आम्ही त्याच्या ओठांकडे बघत होतो. तो मात्र हत्तीच्या पायावरून डावा हात फिरवत होता. मी म्हणाले, "दादा, पोरांना काय सांगायचास रे इथं?" तो माझ्याकडे वळला, ओठ हलले. "मंग," तो म्हणाला, अगदी हळू.

तेवढ्यात वरून माणसं उतरली. जोगाईचं दर्शन घेऊन आलेलं कडा गावाकडचं एक शेतकरी कुटुंब होतं. नवरा, बायको आणि त्याची म्हातारी आई. नवरा-बायको खांब बघायला आत गेले. म्हातारी दमली होती, ती सरळ येऊन आमच्या सतरंजीच्या कडेला टेकली. हिरवं लुगडं, कपाळावर देवळातलं ताजं कुंकू. दादा इथलाच कुणी जाणता आहे असं तिला वाटलं असावं.

"बाबा, हे समदं काय हाय?" तिने विचारलं.

दादाच्या अंगात काहीतरी संचारलं. काठीवर जोर देऊन तो उठू लागला. आम्ही धरायला गेलो तर त्याने खांदा झटकला. हत्तीला पाठ टेकून तो उभा राहिला, शाळेतल्या पोरांपुढे राहायचा तसा. डावा हात वर माळाच्या कडेकडे गेला. "मंग," त्याने सुरुवात केली, आणि मग आवाज चढत गेला, थबकला, वळला. सगळं सांगणं तेच होतं. तोच सूर, त्याच थांबण्याच्या जागा. आत फक्त तो एकच शब्द होता, पुन्हा पुन्हा.

म्हातारीने क्षणभर ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. मंग म्हणजे पुढं काय झालं, असंच तिला वाटलं. आपल्याला ही कथा येते का हे बाबा विचारतायत, असं समजून ती मांडी सावरून बसली.

"मंग काय! जोगाई निघाली की वऱ्हाड घेऊन. हत्ती, घोडं, समदं घेऊन निघाली."

"मंग!" दादा म्हणाला. नाही, ते नाही, असा तो मंग होता. मला आणि वहिनींना तो स्पष्ट कळला.

"मंग हितं मुक्काम पडला. आन् मुहूर्त टळला बघा."

"मंग, मंग!" त्याने काठी बाजूला टेकवली आणि डाव्या हाताची बोटं हत्तीच्या पायावरच्या छिन्नीच्या खुणांवर आपटू लागला. हे बघ. हे हातानं केलंय. एकेक घाव बघ.

"व्हय की," म्हातारी हळहळून म्हणाली. "दगडाचंच झालं समदं. नवरी तशीच राह्यली."

मला राहवेना. मी म्हणाले, "आजी, यांना बोलता येत नाही. आजारी आहेत. ते वेगळं सांगतायत."

"बोलत्यात की चांगलं," ती म्हणाली. "बोलू द्या त्येंला. तुमी कावून आडवताय?"

मग दादा माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला कळलं: तू सांग. तुला येतं. मी उभी राहिले. वरून खाली कोरत आणलंय, मी म्हणाले. सांधा नाही कुठे. दादाने मान हलवली, पण पुढे हो, असं त्याचे डोळे म्हणत होते. चुकलेला दगड बदलता येत नाही, मी म्हणाले. त्याने पुन्हा मान हलवली. पुढे. पुढे मला काही येईना. वाक्यं होती, कितीतरी होती, मी ती इतक्या वेळा ऐकली होती. पण हात घालावा तर नुसता आवाजच हाताला लागत होता. तो वाट बघत होता. मी दगडाच्या वासाचं काहीतरी बोलू लागले आणि माझाच आवाज मला इतका परका वाटला की मी थांबले. वहिनी खाली बघत होत्या. आम्ही तिघंही एकमेकांना काही देऊ शकत नव्हतो.

म्हातारी उठली. तिला यातलं काहीच कळलं नव्हतं, किंवा कदाचित आपल्या परीने सगळं कळलं होतं. तिने दादाच्या पायावर डोकं ठेवलं, कनवटीची पुडी सोडून देवीचा पेढा त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवला. "लई दिसांनी कुणी असं सुखानं आयकलं बघा," ती म्हणाली. "घरी तर कुणी मंग म्हणायलाबी थांबत न्हाई." आणि खांब बघून आलेल्या सुनेचा हात धरून ती हळूहळू वर चढून गेली.

दादा हत्तीला टेकून तसाच उभा राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. तोंडाची एक बाजू निर्जीव, दुसरी वाकडीतिकडी होत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "आजारपणानंतर पयल्यांदा हसले हे." मला वाटलं होतं की तो रडत होता. आम्ही दोघी यावर पुढे किती वेळा बोललो असू. त्याला विचारावं तर तो मंग म्हणणार.

शब्द काही सापडला नाही. त्यानंतरही वहिनी त्याला नेत राहिल्या, पण तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. हत्तीच्या सावलीला बसे, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघे, आणि ऊन सरकलं की स्वतःच काठी शोधू लागे. पुढे तेही थांबलं. गेल्या भाद्रपदात तो गेला. शेवटच्या दिवसांत तो एक शब्दही त्याने ठेवून दिला होता.

परवा मी मांजरसुंब्याहून निघाले ती त्याच्या माघारी पहिल्यांदाच माहेरी चालले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आपण होऊन म्हणाल्या, "चला, तिकडं जाऊन येऊ." आम्ही दोघी चौकात जाऊन बसलो. शेवाळाने कोपरे हिरवे झाले होते, कुणीतरी नंदीपुढे ताजं फूल ठेवलं होतं. मग वहिनी म्हणाल्या, "एक विचारू का? ह्यांचा चांगला आवाज तुमच्या ध्यानात हाय का? मला काय काय बोलायचे ते समदं आठवतंय. वरून खाली उतरले, आधी पाठ काढली, समदं. पण डोळे मिटले की शेवटचं तेवढंच ऐकू येतंय. आधीचा आवाज येतच न्हाई."

मी हो म्हणाले. आवाज होता माझ्याजवळ. कुठे चढायचा, कुठे थांबायचा, शेवटचा शब्द कसा खाली ठेवायचा, सगळं कानात जसंच्या तसं होतं. त्यांना तो द्यावा असं फार वाटलं. मी तोंड उघडलंही. पण आवाज काही उचलून दुसऱ्याच्या कानात ठेवता येत नाही. मी त्यांचा हात धरून बसले.

थोड्या वेळाने एक नवं लग्न झालेलं जोडपं खाली उतरलं. मुलीच्या हातावर मेंदी होती. त्यांनी माझ्याकडे मोबाईल दिला, हत्तीला टेकून दोघं उभी राहिली, मी फोटो काढला. मोबाईल परत घेताना मुलीने सहज विचारलं, "मावशी, हे काय हाय ओ?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी वहिनींकडे बघितलं. एकीजवळ शब्द होते, एकीजवळ आवाज होता, आणि मुलगी हसऱ्या तोंडाने वाट बघत होती.

"लेणं हाय," वहिनी म्हणाल्या. "लई जुनं."

"अच्छा," मुलगी म्हणाली, आणि ती दोघं बोलत बोलत वर निघून गेली.